जळणाच्या जुन्या गाडीची बाजू

हिवाळा सरत आला की वाईच्या पश्चिमेला, धोम धरणाच्या पाण्याला वळसा घालून बलकवडी, जोर, जांभळीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जळणाच्या गाड्या दिसू लागतात. पत्र्याचे पापुद्रे सुटलेले, फाळका दोरखंडाने आवळलेला, हौद्यात बाभळीचे आणि निलगिरीचे ओंडके. अशा गाडीच्या मालकाला सल्ला ठरलेला असतो : ही भंगारात घाला आणि नवी घ्या. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण तो सल्ला हिशेबाला उतरत नाही असे माझे मत आहे. थोड्या अंतरावर, वर्षातले काही महिनेच जळण वाहायचे असेल, तर नीट राखलेली जुनी गाडी हीच त्या कामाची गाडी. ती चालवावी की मोडावी हे तिच्या जन्मसालावरून ठरवू नये. तिची चासी, तिचे ब्रेक आणि ती वर्षाला किती चालते, यावरून ठरवावे.

आता गॅसच्या दिवसांत जळण लागते कुणाला, असे कुणी विचारील. 2016 साली उज्ज्वला योजना आली, तिच्या आधीही अनेक घरांत सिलिंडर पोचला होता आणि घरातली चूल मागे पडली, हे चांगलेच झाले. पण हळद शिजवायला, वीटभट्टीला, काही बेकऱ्यांना आणि गावजेवणाच्या चुलवणांना लाकूड लागतेच. स्मशानभूमीला तर लागतेच लागते. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागते, आणि महाबळेश्वरच्या पायथ्याच्या गावांत आषाढ-श्रावणातल्या झडीत वाळलेले लाकूड ऐनवेळी कुठून आणणार? ते मृगाच्या आधी गावात पडलेले असावे लागते. म्हणजे हे काम हंगामी आहे, अंतर थोडे, रस्ता खडकाळ, माल जड आणि भाडे बेताचे. शिवाय ओंडके हौद्यात ठेवले जात नाहीत, फेकले जातात. नव्या रंगाची गाडी पहिल्याच खेपेला ओरखडते.

पैशाचा हिशेब मांडून पाहू. चार टनांच्या आतबाहेर माल नेणारी नवी गाडी दहा लाखांची धरू. त्यातले आठ लाख कर्जाने काढले, व्याज दहा टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे 17,000 रुपये बसतो. पावसाळ्याचे चार महिने जळणाची गाडी दारात उभी असते, पण हप्ता उभा राहत नाही. त्या चार महिन्यांतच 68,000 रुपये, चाक न फिरता जातात. हा पैसा जळणाच्या भाड्यातून काढायचा तर दोनच वाटा उरतात : भाडे वाढवणे, किंवा गाडीत दीडपट माल भरणे. भाडे वाढवले तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, म्हणून बहुतेकदा दुसरी वाट धरली जाते. रस्त्यावरचा खरा धोका तिथे जन्माला येतो. जुन्या गाडीला खर्च नाही असे मुळीच नाही. क्लच प्लेट आहे, पाटे आहेत, टायर आहेत. पण तो खर्च काम असेल तेव्हा येतो आणि बराचसा आधी दिसतो. हातात पैसा आला की पंप दुरुस्तीला काढून द्यावा, नाही तर पुढच्या महिन्यात द्यावा, एवढी मोकळीक मालकाला राहते. बँकेच्या तारखेला ती नसते.

या गाड्या इतकी वर्षे टिकतात त्याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. टाटांच्या टेल्कोने डायम्लर-बेंझच्या सहकार्याने 1954 साली जमशेदपुरात ट्रक बांधायला सुरुवात केली, आणि 1986 साली टाटा 407 आली. त्या घराण्यातल्या जुन्या डिझेल इंजिनांत संगणक नाही, सेन्सर नाही. डिझेल, हवा आणि दाब यांवर सगळे चालते. टाकी कोरडी पडून लाइनमध्ये हवा शिरली, तर काय करायचे ते पाहा. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपावरची मूठ हाताने वर-खाली करत राहायची. आधी नुसता फेस येतो, मग बुडबुड्यांसकट डिझेल, आणि शेवटी अखंड धार. ती आली की स्क्रू आवळायचा आणि स्टार्टर मारायचा. हे काम पाना धरता येणारा कुणीही माणूस शेताच्या बांधावर करू शकतो. पंप आणि नोझलचे काम मात्र जाणकाराचे. 'मायको'च्या, म्हणजे आजच्या बॉशच्या, नोझलांचा कारखाना आपल्याच नाशकात आहे आणि हे भाग उतरवून बसवणारे हात जिल्ह्याच्या गावोगावी आहेत. या भागाला लोखंड दुरुस्त करून वापरण्याची परंपराही जुनी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली आजच्या सांगली जिल्ह्यात, कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या अंगवळणी पाडला. झिजला की फक्त फाळ बदलायचा आणि नांगर तोच ठेवायचा, ही रीत इथल्या शेतकऱ्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

गंजाबद्दल मात्र डोळे उघडे ठेवून बोलले पाहिजे, कारण सगळा गंज सारखा नसतो. दाराचा पत्रा खाल्ला गेला तर गाडी कुरूप होते, एवढेच. चासी खाल्ली गेली तर ती माणूस मारते. जळणाच्या गाडीत सालीचा भुगा आणि माती फळ्यांच्या फटींतून खाली झिरपते, आडव्या पट्ट्यांवर आणि पाट्यांच्या ब्रॅकेटच्या खोबणीत साचते, आणि पहिल्या पावसात भिजून महिनोन् महिने ओली राहते. गाडी वरून वाळलेली दिसते आणि नेमकी तिथे कुजत असते. म्हणून हंगाम संपला की हौद्याच्या फळ्या उचलून तो गाळ खरवडून काढायचा, हातोडीने चासीवर टकटक करत पुढून मागे जायचे. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आवाज आला तर आत पोकळ. तिथे रंग लावून भागत नाही. तेवढा भाग कापून त्याच जाडीची पट्टी जाणकार वेल्डरकडून बसवून घ्यावी लागते, मग रेड ऑक्साइड आणि मग रंग. चासीला जळके ऑइल फासण्याची पद्धत सर्रास आहे. गंज थोडा थांबतो हे खरे, पण ते ऑइल ठिबकून मातीत आणि ओढ्यात जाते आणि आपला ओढा शेवटी कृष्णेलाच मिळतो. ग्रीस आणि रंग यांनी तेच काम होते, थोडे महाग पडले तरी.

आता धुराचा आक्षेप, आणि तो खरा आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या भारत स्टेज सहाच्या आहेत. त्यांच्या धुरातली काजळी जुन्या इंजिनाच्या मानाने फारच कमी असते आणि कितीही निगा राखली तरी जुने इंजिन तिथवर पोचणार नाही. म्हणूनच जुन्या गाडीने पुण्यामुंबईच्या गर्दीत रोज शंभर किलोमीटर फिरावे असे मी म्हणत नाही. तिथे ती नकोच. पण वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा हिशेब वेगळा पडतो. जुनी लिटरला सात आणि नवी दहा किलोमीटर जाते असे धरले, तर वर्षाला सव्वाशे लिटरच्या आसपास डिझेल वाचते, म्हणजे साडेतीनशे किलोंहून थोडा कमी कार्बन डायऑक्साइड. उलट एक टन पोलाद बनताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि असल्या गाडीत दोन टनांच्या आसपास पोलाद असते. चार टनांचे हे देणे फेडायला नव्या गाडीला जवळजवळ बारा वर्षे लागतील. जुन्या गाडीचे लोखंड वितळवून पुन्हा वापरले जाते, त्यामुळे हा आकडा थोडा खाली येईल, पण उलटा होणार नाही. आणि चढावर जो काळा लोट दिसतो तो पुष्कळदा वयाचा नसून बिघडलेल्या नोझलचा, तुंबलेल्या एअर फिल्टरचा आणि दीडपट मालाचा असतो. तो थांबवता येतो आणि थांबवलाच पाहिजे.

सुरक्षिततेचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला येताना बारा-तेरा किलोमीटरांत जवळपास सहाशे मीटर खाली यावे लागते. मालासकट सहा टनांची गाडी एवढी उतरते तेव्हा एक लिटर डिझेल पूर्ण जाळल्यावर निघेल जवळजवळ तेवढी उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी ब्रेकवर टाकली तर लायनर तापून गुळगुळीत होतात आणि पायाखालचा पेडल असून नसल्यासारखा होतो. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा आणि बराचसा भार इंजिनावर घ्यायचा, ही जुन्या चालकांची शिस्त आहे. ती नव्या गाडीलाही तितकीच लागू आहे. जुन्या गाडीबाबत मात्र या शिस्तीशिवाय आणखी काही अटी हव्यात. ब्रेकचे लायनर आणि सिलिंडर हंगामाआधी उघडून पाहिलेले असावेत. पुढचे टायर रिमोल्डचे नसावेत. मागचे दिवे लागावेत. आणि ओंडक्यांवर मजूर बसवून आणणे तर एकदम बंद. गाडी जुनी म्हणून जेवढी माणसे दगावतात त्याहून अधिक या एका सवयीने दगावत असतील, असे मला वाटते.

झाडांचाही प्रश्न आहेच : गाडी जिवंत ठेवली की तोड जिवंत राहते, असे म्हटले जाते. पण बेकायदा तोड गाडीच्या वयावर चालत नाही. 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा अशी झाडे आहेत आणि ती तोडायला परवानगी लागते. पाचगणी-महाबळेश्वर तर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधावरची बाभूळ, सुबाभूळ किंवा लावलेली निलगिरी नेणे आणि जंगलातला हिरडा नेणे यांतला फरक कागद पाहूनच कळतो. इथे एक साधी गोष्ट करण्याजोगी आहे. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. 45 टक्के पाणी असलेले चार टन लाकूड तोडीच्या जागीच रचून 20 टक्क्यांपर्यंत वाळू दिले, तर ते पावणेतीन टन भरते. सव्वा टन पाणी गाडीने उगाच वाहिले नाही, पाटे वाचले, डिझेल वाचले, हौदा कोरडा राहिला, आणि चुलवणात धूरही कमी झाला. खरेदीदाराने काट्यावर ओल्या लाकडाचा भाव वेगळा पाडला, तर हे आपोआप घडेल.

सरकारी नियमांकडे येतो. आठ वर्षांनंतर मालगाडीचे पासिंग दर वर्षी करावे लागते, आणि ते योग्यच आहे. पण पंधरा वर्षांवरच्या जड ट्रकच्या प्रमाणपत्राचे शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 12,500 रुपये झाले होते. इतक्या शुल्काने जुनी गाडी रस्त्यावरून हटतेच असे नाही. पुष्कळदा ती फक्त तपासणीतून सुटते आणि आडरस्त्याने बिनपासिंगची चालते, म्हणजे ज्या गाडीचे ब्रेक पाहायला हवेत तीच कुणाच्या नजरेखाली येत नाही. माझी मागणी अशी आहे : शुल्क कमी करा आणि तपासणी कडक करा. हंगामाआधी, नोव्हेंबरात, तालुक्याच्या गावी शिबिर घ्या. चासी हातोडीने वाजवून पाहा, ब्रेक उतारावर तपासा, धूर मोजा, आणि वर्षाला ठरावीक किलोमीटर व ठरावीक तालुके एवढ्याच मर्यादेत परवाना द्या. ज्या गाडीची चासी पाट्याच्या ब्रॅकेटपाशी दुसऱ्यांदा तडकली असेल, तिला मात्र तिथेच नापास करा. तिचे इंजिन आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीला लागतील, चासी नोंदणीकृत भंगार केंद्रात कापली जाईल, आणि मालकाला गाडी जमा केल्याचे ठेव प्रमाणपत्र मिळेल. पुढे नवी गाडी घ्यायची झाली, तर ते त्याच्या कामी येईल.