आई शिकते तेव्हा घराने काय करावे?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



"लेखन, संसार आणि शिक्षण यांचा मेळ तुम्ही कसा घातला, ते आमच्या पालकांना सांगा," असे संस्थेच्या चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा प्रथम मला हसू आले. मेळ घातला असे म्हणावे, इतके नीट माझ्याकडून काही घडलेले नाही. कधी भाकरी करपली, कधी कथा अर्धवट राहिली, इंग्रजीत मी एकदा नापासही झाले. आणि एक चूक तर अशी झाली, की ती आठवली म्हणजे अजून जीव कासावीस होतो. ती चूक सांगण्यासाठीच आज मी आपल्यापुढे उभी आहे.

मी कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावची. घरात आम्ही आपली कोकणी बोली बोलायचो, मदरशात उर्दू आणि शाळेत मराठी. १९९० साली मी दहावीला बसले. त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याची बातमी वडिलांनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखविली. आपल्यासारख्या घरांतली माणसेही मराठीत कथा-कविता लिहितात, हे मला तेव्हा प्रथम समजले. त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर माझ्या नानीविषयी दीड पान लिहिले. माझे पहिले लेखन ते.

दहावी झाले. पुढचे कॉलेज तालुक्याला, एस. टी. दिवसातून दोन. शिक्षण तेथेच थांबले. १९९२ साली लग्न झाले. आमचे हे कुवेतला नोकरीस. घरी सासूबाई आणि पुढे तीन मुले: थोरली १९९४ ची, मुलगा १९९७ चा आणि धाकटी २००३ ची. त्या वर्षांत मी लिहिले म्हणाल तर फक्त पत्रे. पण पत्रांनीही हात चालता राहतो. अंगणातल्या फणसाला किती फळे धरली, शेजारच्या घरी कोण रुसले, पहिला पाऊस कोणत्या बाजूने आला, हे सारे दूर असलेल्या माणसाला दिसेल असे लिहायचे, म्हणजे लेखनाचा सरावच की.

धाकटी वर्षाची असताना रमजान आला. सहेरीला उठायचे, फजरची नमाज व्हायची आणि मग सारे घर पुन्हा झोपायचे. मला झोप येईना. त्या तासाभरात कोणी हाक मारीत नाही, हे माझ्या ध्यानात आले. मी वही काढली. ईद झाली, पण ती वेळ मी सोडली नाही. रोज पाऊण तास, रोज एक पान. ती वही तांदळाच्या डब्यामागे असायची. लपविण्यासारखे तिच्यात काहीच नव्हते. पण "काय लिहितेस?" या प्रश्नाला द्यावे असे उत्तर माझ्याकडे नव्हते.

भगिनींनो, शिक्षण आणि लेखन यांत एक फरक आहे. शिक्षणाला परीक्षेची तारीख असते, हॉलतिकीट असते, शेवटी प्रमाणपत्र असते. "सूनबाईंची परीक्षा आहे," असे म्हटले की शेजारीही समजून घेतात. "सूनबाईंची कथा अर्धी राहिली आहे," असे कोण म्हणणार? म्हणून घरात गडबड झाली की पहिला बळी लेखनाचा जातो. माझेही तेच झाले.

२००९ साली एका ओळखीच्या शिक्षिकेने मला सतरा नंबरच्या फॉर्मविषयी सांगितले. शाळा-कॉलेजात नाव न घालता, खासगी विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी जो अर्ज भरावा लागतो, त्याला आपल्याकडे याच नावाने ओळखतात. मी पस्तीस वर्षांची होते. ह्यांना फोनवर विचारले. म्हणाले, "भर फॉर्म. फी पाठवतो." सासूबाई म्हणाल्या, "मुले मोठी होऊ देत, मग शीक." त्यांचे म्हणणे वाईट हेतूचे नव्हते. पण मुले मोठी झाली की लग्ने येतात, मग नातवंडे येतात. ती रिकामी वेळ कोणाच्याच दारी येत नाही. मी बारावीचा फॉर्म भरला.

माझी थोरली त्या वर्षी दहावीत होती. माय-लेकी एकाच वर्षी बोर्डाला बसणार, याचे गावात कौतुक झाले. मलाही अभिमान वाटे. पहाटेचा वेळ आता इतिहासाला आणि राज्यशास्त्राला गेला. लेखनाची वही डब्यामागे धूळ खात पडली. घर मात्र आश्चर्य वाटावे इतके सुरळीत चालले होते. पाणी भरलेले असे, कणीक मळलेली असे, धाकटीची वेणी घातलेली असे. मला वाटे, मी फार नेटाने सगळे सांभाळते आहे.

सहामाहीनंतर थोरलीच्या वर्गशिक्षिकांनी मला शाळेत बोलावले. बीजगणितात मुलगी काठावर पास झाली होती. बाई म्हणाल्या, "तिसऱ्या तासाला ती झोपते. घरी काही अडचण आहे का?" मी घरी येऊन तिला जवळ घेतले व विचारले. ती सहज म्हणाली, "अम्मी, नळ पहाटे येतो ना. तुझा अभ्यास मोडू नये म्हणून मी उठते. तू पास झालीस की मग मी माझा अभ्यास करीन."

माझे शिक्षण जेथे थांबले होते, नेमक्या त्याच इयत्तेत मी माझ्या मुलीला थांबवू पाहत होते. मी जे काम सोडले होते, ते घराने वाटून घेतलेच नव्हते. ते एका बाईच्या हातातून दुसऱ्या लहान बाईच्या हातात गेले होते. बारा वर्षांचा मुलगा त्याच घरात होता. त्याला पाणी कोण भरते हे ठाऊकही नव्हते. आणि ते त्याला ठाऊक नाही, हा दोष त्याचा नव्हता, माझा होता.

त्या रात्री मी सर्वांना बसविले. मुलाने पहाटे पाणी भरायचे आणि आपली ताटवाटी आपण धुवायची. भात मी त्याला शिकविला. दोन्ही वेळच्या भाकऱ्या मी करीन. परीक्षा होईपर्यंत थोरलीने चुलीकडे यायचे नाही. सासूबाईंना हे रुचले नाही. "मुलग्याच्या हाती भांडी?" असे त्या म्हणाल्या. मी उलट उत्तर केले नाही. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत व नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितल्याचे सासूबाईंनी स्वतःच वाजमध्ये ऐकून आम्हांला कितीदा सांगितले होते. मी फक्त त्याची आठवण दिली. त्या काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी मुलगा चहाची बशी तशीच ठेवून उठला, तेव्हा त्यांनीच त्याला परत बोलावले.

निकाल सांगते. थोरली पहिल्या वर्गात पास झाली. मी इंग्रजीत शंभरपैकी २९ मिळवून नापास झाले. ऑक्टोबरला पुन्हा बसले आणि ४१ गुणांनी सुटले. या नापास होण्याचे मला दुःख नाही. त्या वर्षी आमच्या घरात कोणीतरी मागे राहणार असेल, तर ती मी असावे, हेच योग्य होते.

पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून मी बी. ए. केले. हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले, म्हणजे मी दहावीला बसण्याच्या आदल्या वर्षी. माझ्या हाताशी ते होते. मला ते वीस वर्षे कोणी सांगितले नाही. पुस्तके घरी, रविवारी तालुक्याला अभ्यासकेंद्र. या वेळी मी आठवड्याचे पाच दिवस अभ्यासाला आणि दोन दिवस लेखनाला दिले, आणि ते दोन दिवस घरात जाहीर केले. वही डब्यामागून टेबलावर आली. दोन ठिकाणांहून परत आलेली माझी कथा २०१५ साली एका दिवाळी अंकात छापून आली. जहाजावर गेलेल्या नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणाऱ्या बाईची ती कथा. प्रपंचात घालविलेली वर्षे फुकट गेली नव्हती, हे मला तेव्हा कळले. कथेचा माल त्याच वर्षांनी पुरविला होता.

अभ्यासाच्या त्या काळात वाचनालयातून पुस्तके आणून मी काही थोर स्त्रियांविषयी वाचले. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांना गाणी सुचत. ती कागदावर उतरवून घेण्यात पुत्र सोपानदेवांचा हात होता, आणि १९५२ साली, बहिणाबाईंच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या आणि त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. बंगालच्या बेगम रुकय्या यांना थोरल्या भावाने रात्री घर झोपल्यावर इंग्रजी शिकविले. पतीने त्यांच्या लेखनाला उत्तेजन दिले आणि मुलींच्या शाळेसाठी दहा हजार रुपये बाजूला ठेवले. १९११ साली त्यांनी कलकत्त्यात आठ मुलींवर शाळा सुरू केली. या बायांची बुद्धी त्यांची स्वतःचीच. पण प्रत्येकीच्या घरात एखादा भाऊ, पती वा मुलगा उठून काहीतरी करीत होता, हेही तितकेच खरे.

म्हणून आपणांस माझे सांगणे थोडेच आहे. मातांनो, दिवसातली एक वेळ ठरवा आणि ती घराला सांगा. चोरून घेतलेली वेळ टिकत नाही. शिकावयास निघालात, तर आपले काम कोणाच्या अंगावर गेले, ते आठवड्यातून एकदा पाहा. ते थोरल्या मुलीवर गेले असेल, तर ताबडतोब काढून घ्या. वडील मंडळींनो, फी भरली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समजू नका. परीक्षेच्या महिन्यात पाहुणे बोलावू नका आणि घरी असाल तेव्हा बाजाराची पिशवी आपण उचला. मुलांनो, भात शिजविण्याला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास तुमच्या आईला आजवर कोणी दिलेला नाही.

संस्थेलाही एक विनंती आहे. सतरा नंबरचा फॉर्म आणि मुक्त विद्यापीठ यांची माहिती दरवर्षी पालकसभेत मातांना सांगावी, आणि दुपारी दोन ते चार वाचनालय त्यांच्यासाठी उघडे ठेवावे. लहान मूल कडेवर असले तरी त्या बाईला दारातून परत पाठवू नये.

माझी थोरली आज शिक्षिका आहे. तिच्या घरी गेले होते, तेव्हा जावईबापू कुकर लावीत होते आणि ती वह्या तपासत होती. मी माझी वही काढून शेजारी बसले. कोणीही मला "काय लिहितेस?" असे विचारले नाही.