विद्वत्तेचें मोजमाप

एके काळीं नगरच्या वेशीबाहेरचें खेडें असलेलें सावेडी आज शहराचें उपनगर झालें आहे. मनमाडचा रस्ता त्याच्या अंगावरून जातो व त्याच रस्त्यानें सुमारें ३५ किलोमीटर गेल्यावर राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ लागतें. परीक्षांचे निकाल लागले म्हणजे या उपनगरांतील घराघरांतून एकच खल चालतो. मुलानें कोठें नांव घालावें? पूर्वीं याचें उत्तर ओळखीचे एखादे वृद्ध प्राध्यापक देत असत. आतां तें आंकडे देतात. अमुक विद्यापीठ क्रमवारींत कितवें, एवढें कळलें कीं चौकशी संपते. तो आंकडा कसा सिद्ध होतो, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन् यांनीं १९४८ सालीं इंग्लंडांतील एका परिषदेंत ग्रंथालयाच्या कारभाराला संख्याशास्त्र लावावें, अशी सूचना केली होती. पुढें अमेरिकेंत यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालीं शास्त्रीय निबंधांतील संदर्भांची मोठी सूची काढली. कल्पना साधी होती. प्रत्येक निबंधाखालीं पूर्वींच्या कोणत्या लिखाणाचा आधार घेतला तें नोंदविलेलें असतें. ही नोंद उलट बाजूनें लावली म्हणजे एखाद्या निबंधाचा आधार पुढें कोणीं कोणीं घेतला तें कळतें. अभ्यासकाला वाट सांपडावी म्हणून केलेली ही सूची हळूहळू माणसें तोलण्याच्या कामीं येऊं लागली. २००५ सालीं हर्श नांवाच्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकानें तिच्यावरून एक अंक बसविला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकीं निदान दहा वेळां उल्लेख झाला, त्याचा अंक दहा. हिशेब सुटसुटीत खरा. पण आयुष्यभर खपून एकच ग्रंथ लिहिणाऱ्याचा अंक, त्या ग्रंथाचा पांचशें वेळां उल्लेख झाला तरी, एकाच्या वर जात नाहीं!

भारत सरकारची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. विद्यापीठांना तींत शंभरांपैकीं तीस गुण संशोधन व व्यावसायिक कार्याचे, आणि दहा लौकिकाचे. निबंधांची मोजदाद होते ती परदेशी कंपन्यांच्या सूचींवरून. त्या सूचींत इंग्रजी नियतकालिकांचा भरणा. मराठींत लिहिलेला संशोधनपर लेख तेथें बहुधा पोंचतच नाहीं. जें सूचींत नाहीं तें लिहिलें गेलेंच नाहीं, असा त्याचा व्यवहारांत अर्थ होतो.

नगर जिल्ह्याशीं निगडित अशीं दोन उदाहरणें पाहण्यासारखीं आहेत. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकळिया यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत उत्खनन केलें व त्याचा वृत्तांत १९६० सालीं ग्रंथरूपानें बाहेर पडला. अश्मयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंतची मानवी वस्तीची सांखळी त्यांत उलगडली. येथें सांपडलेल्या मध्याश्मयुगापूर्वींच्या एका हत्यारपरंपरेला सांकळियांनीं गांवावरूनच ‘नेवासियन’ म्हटलें. तें नांव पुरातत्त्वाच्या भाषेंत असें मुरलें कीं तें वापरतांना मूळ ग्रंथाचा हवाला द्यावा असें प्रत्येकालाच वाटत नाहीं. संशोधन पूर्णपणें पचनीं पडलें कीं त्याची तळटीप गळून पडते, आणि मोजणाऱ्याला तेथें उणें दिसतें.

दुसरें उदाहरण उंसाचें. राहुरीच्या विद्यापीठाखालीं असलेल्या पाडेगांवच्या केंद्रानें ‘फुले २६५’ हा उंसाचा वाण सिद्ध केला व २००७ सालीं तो प्रसारित झाला. क्षारपड जमिनींतही तग धरणारा हा वाण शेतकऱ्यांनीं उचलला. बेणें लावणारा शेतकरी तळटीप लिहीत नाहीं. त्याच्या शेतांतला उंस संदर्भसूचींत कोणत्या रकान्यांत मांडावयाचा?

एवढ्यावरून मोजमापच नको, असें म्हणणें मात्र सोयीस्कर पळवाट ठरेल. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांनीं हिशेब दिलाच पाहिजे. जेथें कांहींच मोजलें जात नाहीं, तेथें बढती ओळखीनें आणि वशिल्यानें मिळते, हें सर्वांना ठाऊक आहे. शिवाय काम लोकांच्या नजरेस येणें हा वेगळा गुण आहे, व तो वाढवितां येतो. पीएच्. डी. चे प्रबंध कपाटांत धूळ खात पडत. २००९ च्या नियमांनीं ते ‘शोधगंगा’ या सार्वजनिक भांडारांत ठेवण्याचें बंधन आलें. आज सावेडींतल्या घरीं बसून कोणालाही ते वाचतां येतात. हा लाभ लहान नव्हे.

बिघाड होतो तो आंकड्याला भाकरी बांधली म्हणजे. २०१० सालीं विद्यापीठ अनुदान मंडळानें प्राध्यापकांच्या बढतीसाठीं गुणांची पद्धत लावली. निबंध छापला कीं गुण. मग पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें गल्लोगल्लीं निघालीं. पुणें विद्यापीठांतील अभ्यासकांनीं अनुदान मंडळाच्या मान्य यादींतील, विद्यापीठांनीं सुचविलेलीं नियतकालिकें तपासलीं, तेव्हां पाहिलेल्यांपैकीं ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघालीं. हा अभ्यास २०१८ च्या मार्चमध्यें प्रसिद्ध झाला आणि मे महिन्यांत मंडळानें यादींतून ४३०५ नांवें कमी केलीं. पैसे भरणाऱ्यांत सारेच लबाड होते असें नाहीं. आठवड्याचे तास घेऊन, ग्रंथालय तोकडें असतां, ठराविक मुदतींत निबंध दाखवा म्हटल्यावर पुष्कळांनीं जवळची वाट धरली. प्रबंधापूर्वीं निबंध छापण्याची विद्यार्थ्यांवरील सक्ती २०२२ च्या नियमांनीं उठली.

युरोप-अमेरिकेंतही हाच अनुभव आला. २०१५ सालच्या ‘लायडन जाहीरनाम्या’नें आंकडा हा जाणत्याच्या निर्णयाला साह्य करणारा असावा, त्याच्या जागीं बसणारा नसावा, असें सांगितलें, आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपावें, हेंही तत्त्व मांडलें. नेवाशाच्या मातीला आणि पाडेगांवच्या उंसाला हें तत्त्व तंतोतंत लागू पडतें.

२०२५ च्या फेब्रुवारींत अनुदान मंडळानें मान्य नियतकालिकांची नवी यादीही बंद केली, व चांगलें-वाईट ठरविण्याचा भार संस्थांवर सोपविला. आतांपर्यंत यादींत नांव आहे कीं नाहीं तेवढें पाहून कारकुनालाही गुण देतां येत असत. यापुढें पुण्यांत काय किंवा नगरांत काय, निवड समितीच्या सभासदांना समोर आलेला निबंध स्वतः उघडून वाचावा लागेल. आणि त्याला वेळ लागेल, तो संस्थाचालकांनीं त्यांना दिला पाहिजे.