सापाचा कान आणि सापाचा आवाज

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लखनौच्या कैसरबागेत परीखाना नावाची एक जुनी वास्तू आहे. अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह यांच्या काळात तेथे गायनाचे आणि नृत्याचे शिक्षण चाले. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 मध्ये लखनौत जे संगीत महाविद्यालय स्थापन केले, ते आज विद्यापीठाच्या रूपाने याच वास्तूत नांदत आहे. त्यामुळे ठुमरी आणि कथक यांचे आश्रयदाते म्हणून नवाबांचे नाव मराठी रसिकांस परके नाही. त्यांचा दुसरा छंद मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो. नवाबांनी साप पाळले होते.

1856 मध्ये कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले. नवाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे जाऊन राहिले आणि 1887 मध्ये तेथेच निवर्तले. राज्य गेले, तरी लखनौची हौस त्यांनी सोबत नेली होती. तेथे गाण्याच्या बैठका होत आणि मोठा प्राणिसंग्रहही होता. ज्यांचे बालपण मटियाबुर्जात गेले, त्या अब्दुल हलीम शरर यांनी आपल्या ‘गुजिश्ता लखनौ’ या ग्रंथात तेथील सर्पगृहाचे वर्णन केले आहे. एक खोल हौद, त्याच्या भिंती चढता येणार नाहीत इतक्या गुळगुळीत, मध्ये कृत्रिम टेकडी आणि तिच्यावर मोकळे फिरणारे मोठमोठे साप. लखनौच्या प्राणिसंग्रहालयास आज या नवाबांचेच नाव आहे.

एकीकडे ठुमरीची बैठक आणि दुसरीकडे सापांचा हौद. साहजिकच मनात प्रश्न येतो, त्या सापांना हे गाणे ऐकू येत असेल काय?

सापाला बाहेरचा कान नाही, कर्णपटलही नाही. एवढ्यावरून साप ठार बहिरा असतो, असे फार काळ मानले गेले. वस्तुतः सापाला आतला कान असतो आणि एक बारीक हाड त्याला जबड्याच्या हाडाशी जोडते. जबडा जमिनीला टेकलेला असताना जमिनीतील कंप या वाटेने आत पोहोचतो. हवेतून येणारा ध्वनी सापाच्या कवटीला किंचित कंपित करतो आणि तोही सापाला जाणवतो, हे रॉयल पायथन जातीच्या अजगरांवरील प्रयोगांत 2012 मध्ये दिसून आले. पुढे 2023 मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी सापांना बंद खोलीत वेगवेगळे ध्वनी ऐकवले. वोमा जातीचे अजगर ध्वनीच्या दिशेने सरकले. तैपान आणि ब्राउन स्नेक या विषारी जाती दूर गेल्या. बहिऱ्या प्राण्याने असे केले नसते.

तथापि हे ऐकणे फार मर्यादित आहे. मनुष्य सेकंदाला सुमारे 20 ते 20,000 कंपनांचे ध्वनी ऐकतो. त्या अजगरांचा कान 80 ते 160 कंपनांच्या टप्प्यात सर्वांत तीक्ष्ण आढळला. त्यापुढे सापांची श्रवणशक्ती झपाट्याने मंदावते. म्हणजे मटियाबुर्जच्या सापांना तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा पुसटसा लागला असेल. जवळपास कोणी कथक नाचत असेल, तर तत्काराचा कंप जमिनीतून कळला असेल. तार सप्तकातील नाजूक हरकती आणि घुंगरांचा झंकार मात्र त्यांच्यासाठी जवळजवळ नव्हताच.

पुंगीपुढे डोलणाऱ्या नागाचे कोडेही येथे सुटते. नाग सुरांवर डोलत नाही. फणा काढून तो बचावाच्या पवित्र्यात उभा असतो आणि समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तिच्याबरोबर वळतो. पुंगी न वाजवता नुसती हलवली, तरी तो तसाच डोलेल. परदेशांत घरी अजगर पाळणारे काही जण आपला साप हाक ओळखतो असे सांगतात. त्यातही आवाजाचा वाटा थोडा, जमिनीचा कंप आणि जिभेने टिपलेला गंध यांचा अधिक. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने येथील साप पकडण्यास आणि पाळण्यास बंदी आहे, ती योग्यच होय.

आता सापाच्या आवाजाविषयी. सापाला स्वरतंतू नसतात. फुप्फुसातील हवा श्वासनलिकेच्या तोंडातून जोराने बाहेर टाकली की फुत्कार होतो. घोणशीचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा मोठा असतो. फुरसे तर अंगावरचे करवती खवले एकमेकांवर घासून खरखर करते. बहुतेक सापांचा फुत्कार सेकंदाला 3,000 ते 13,000 कंपनांचा असतो, असे मोजले गेले आहे. ही संख्या सापाच्या श्रवणाच्या कितीतरी पलीकडची आहे. याचा अर्थ असा की, सापाला स्वतःचा फुत्कार बहुधा ऐकू येतच नाही! तो फुत्कार दुसऱ्या सापासाठी नसतो. तो गाईबैलांसाठी, कोल्ह्यामुंगसांसाठी आणि माणसासाठी असतो. ‘येथे मी आहे, पाऊल मागे घे,’ एवढाच त्याचा अर्थ.

हा अर्थ समजण्यावर प्राण अवलंबून असतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी सुमारे 58,000 माणसे दगावली. त्यांत चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक मृत्यू लखनौ ज्याची राजधानी आहे त्या उत्तर प्रदेशात झाले. यातील कित्येकांचे मोलाचे तास मांत्रिकाच्या दारात गेले. साप पुंगी ऐकतो अशी ज्याची श्रद्धा असते, त्याला साप मंत्रही ऐकेल असे वाटणे ओघानेच येते. परंतु विष रक्तात भिनल्यावर मंत्र ऐकणारे तेथे कोणी नसते. उपाय एकच, प्रतिविष. आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष रुग्णालयात मिळते. दंश झालेला अवयव न हलवता, घट्ट आवळून न बांधता, चिरा न देता रुग्णाला तत्काळ तेथे न्यावे.

पालकांनी मुलांना आणखी दोन गोष्टी शिकवाव्यात. गवतातून चालताना पाऊल दमदार टाकावे, काठी आपटीत जावे. हा कंप सापाला कळतो आणि तो बहुधा स्वतःच वाट सोडतो. आणि प्रत्येक साप इशारा देतोच असे नाही. मण्यार रात्री निःशब्द येते, म्हणून जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणी नीट खोचून घ्यावी आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नये.

नवाबांचे गाणे त्या सापांना पुरते ऐकू आले नाही, यात त्यांचा काही दोष नव्हता. निसर्गाने त्यांना तसा कान दिलाच नव्हता. माणसाला मात्र तो दिला आहे. गवतात फुत्कार ऐकू आला की दगड न शोधता दोन पावले मागे सरणारे मूल या शाळेतून घडले, तर ते मूलही सुखरूप राहील आणि सापही.