आवाज वाढवू नका, जुळवा

मुशायरा असो की कविसंमेलन, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही, तर तिथल्या माणसापुरता कार्यक्रम झालाच नाही असं समजावं. मग हाक येते, 'आवाज वाढवा!' कर्णे दणाणतात, शब्द मात्र तसाच अस्पष्ट.

ध्वनी म्हणजे हवेतली लाट. हवा क्षणात दाबली जाते, क्षणात विरळ होते. या चढउतारात लाट नेमकी कुठे आहे, त्याला शास्त्रात 'कला' म्हणतात. साऊंडवाले तिला फेज म्हणतात. पूर्ण फेरा ३६० अंशांचा. दोन स्पीकर एकच स्वर वाजवत असताना एकाची लाट चढते आणि त्याच वेळी दुसऱ्याची उतरते, म्हणजे १८० अंशांचा फरक पडला, की दोघं एकमेकांना खोडतात. आवाज वाढवला तर दोन्ही लाटा वाढतात. वजाबाकी तशीच राहते.

याचं साधं कारण म्हणजे एका स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या असणं. मग खर्ज पोकळ वाटतो. दुसरं कारण अंतराचं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २००० हर्ट्झची लाट अवघी १७ सेंटिमीटरची. वूफर आणि ट्वीटर यांची कामं वाटलेली असली, तरी बऱ्याच खोक्यांत या पट्टीच्या आसपास दोघंही वाजतात. एकाचा आवाज साडेआठ सेंटिमीटर मागून निघाला, तरी लाट उलटी पडते. व्यंजनांची धार बरीचशी याच पट्टीत आणि तिच्या वर असते.

मोजणीसाठी श्रोत्याच्या जागी मायक्रोफोन ठेवतात. पाठवलेला आणि पोचलेला ध्वनी संगणक ताडून पाहतो, वाटेतला वेळ वजा करतो. उरलेल्या फरकाचा आलेख निघतो. मग जो आधी पोचतो त्याला किंचित थांबवायचं. साडेआठ सेंटिमीटरसाठी पाव मिलिसेकंद. मैदानात ३४ मीटर पुढे लावलेल्या कर्ण्यासाठी सेकंदाचा दहावा भाग.

एका खुर्चीपाशी जुळलेलं दुसरीपाशी थोडं सुटतंच. म्हणून जाणता माणूस मायक्रोफोन चार ठिकाणी फिरवतो, आणि शेवटची रांग विसरत नाही.

आयोजकांना एवढीच विनंती, हारतुऱ्यांच्या गडबडीआधी साऊंडवाल्याला तासभर शांतता द्या. कवीचं अर्धं काम त्याच्या हातात असतं.