गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी

नांदेडकर श्रोतेहो, लातूरचा माणूस तुमच्या व्यासपीठावर उभा राहिला की त्यानं आधी एक खुलासा करावा लागतो. आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या वादाबद्दल मी काहीही बोलणार नाही. (हशा) संयोजकांनी ‘आहार आणि आरोग्य’ असा ऐसपैस विषय दिलाय. त्यातलं मी पिठाच्या गिरणीपुरतं बोलणार आहे. बाकीचं पुढच्या वर्षीच्या वक्त्यासाठी राखून ठेवू.

ग्लुटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, हे आता मोबाईलमुळे सगळ्यांनाच पाठ झालंय, त्यात जास्त वेळ घालवत नाही. सिलिॲक आजारात या ग्लुटेनपायी शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आत टर्किश टॉवेलसारखी लव असते, ती झिजून सपाट होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाला जुलाब, कुणाचं पोट गुबारतं, कुणाला उलट बद्धकोष्ठ. काहींचं पोट अगदी ठणठणीत, पण लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही. मला हे सगळं आळीपाळीनं झालंय. पुढच्या रांगेतल्या काकू, पदर नाकाला लावू नका, संडासाचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढं सरकत नाही. (हशा) नांदेडची एसटी धरण्याआधी स्टँडवरचं स्वच्छतागृह कुठल्या कोपऱ्यात आहे, हे मी अजूनही बघून ठेवतो.

हे श्रीमंतांचं फॅड नव्हे. विलेम डिके हे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45च्या हिवाळ्यात, महायुद्धात, तिथं पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी, पण सिलिॲकची मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध 1950चा. आपल्याकडच्या पाहणीत उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला, दक्षिणेत वेल्लोरकडे हजारात एकाला. तिकडं गहू कमी खाल्ला जातो, हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. आपण मधले, पिढ्यान् पिढ्या ज्वारीवर वाढलेले. रेशनच्या गव्हानं आणि लग्नाच्या पंगतींनी ताट बदललं.

मग डॉक्टर म्हणतात, भाकरी खा. सोपं आहे! ज्वारीत ग्लुटेन नाही आणि नुसत्या भातानं पोट धरतं, ते भाकरीतल्या चोथ्यानं सुटतं. पण ती ज्वारी दळता कुठं? गिरणीत आपली बायामाणसं काय सांगतात? ‘दादा, गव्हावरच गहू टाक हं, ज्वारीवर नको.’ कारण पोळी काळपट होते. ज्वारीवर गहू पडू नये म्हणून सगळे जागे. गव्हावर ज्वारी पडली तर कुणाला सोयरसुतक नाही! मिरचीला वेगळं यंत्र, कारण ठसका लागतो. आमचा ठसका दुसऱ्या दिवशी लागतो, तोही बंद दाराआड. (हशा)

हिशेब ऐका. ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन हवं, असा आपल्याकडचा नियम आहे. चक्कीत अडकलेलं एक ग्रॅम गव्हाचं पीठ किलोभर ज्वारीत मिसळलं, तर मर्यादा चौपट ओलांडली. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. घरघंटी घ्या म्हणणाऱ्यांनी तिची किंमतही सांगावी.

येळवशीचं सांगतो, थोडक्यात. मार्गशीर्ष अमावस्येला आमचं अर्धं लातूर रानात असतं. आंबील ज्वारीची, उंडे ज्वारी-बाजरीचे, भज्जी डाळी-भाज्यांची. मला वाटलं, वर्षातून एकदा का होईना, पंगत माझ्या बाजूची आहे. तेवढ्यात यजमानांच्या आई गव्हाची खीर घेऊन आल्या. ‘घोटभर घ्या की वो, एवढ्याशानं काय होतंय?’ मी आजार सांगितला. त्या म्हणाल्या, ‘मग दूध वाढवून देते, बाधणार नाही.’ मी पान झाकलं. त्यांनी हात बाजूला करून वाढली. शेजारच्या पाहुण्यानं गुपचूप माझा द्रोण रिकामा केला, तर म्हातारी खूश होऊन पुन्हा आली! (हशा) बरं, खीर टाळली, तरी भज्जीच्या फोडणीत हिंग होता. बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. आणि उंड्यांचं पीठ कुठलं? गावातल्या त्याच गिरणीतलं. तुमच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात कणकेचा कढाह प्रसाद मी कपाळाला लावतो आणि सोबत्याच्या हाती देतो. एकादशीला मात्र भगर, राजगिरा, साबुदाणा. त्या दिवशी सगळं घर माझं पथ्य पाळतं.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. फ्रुक्टान हा प्रकार राहिला. गहू सोडून बरं वाटलं म्हणजे सिलिॲकच असं नाही. हे फ्रुक्टान गव्हात असतं तसं कांदा-लसणातही असतं आणि पोट फुगवतं. एक चिठ्ठी आलीय: ‘उद्यापासून पोळी बंद करू का?’ अजिबात नको. गहू सोडल्यावर टीटीजीची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून काढलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही फसवे निघू शकतात. आधी डॉक्टर, आधी तपासणी. निदान पक्कं झालं, की मग गहू कायमचा बंद, घासभरही नाही.

दुसरी चिठ्ठी म्हणते, वक्ते गिरणीवाल्यांच्या पोटावर पाय देताहेत. छे हो, मी गिऱ्हाईक आणून देतोय. प्रत्येक वॉर्डात एक चक्की ज्वारी-बाजरीचीच ठेवा, तिच्यात गहू कधीच टाकू नका आणि तशी पाटी लावा. दोन पैसे जास्त घ्या, आम्ही देऊ. सभागृहात कुणी गिरणीवाले असतील तर त्यांनी जाण्याआधी मला भेटावं.