शाह आयोग आणि तोंडी हुकूम
(नंदुरबार येथील व्याख्यान)

१९७७ साली देशाने आणीबाणीविरुद्ध कौल दिला, तरी नंदुरबारने काँग्रेसलाच निवडले. म्हणून येथील आदिवासींना आणीबाणी मान्य होती असे कोणी म्हणू नये. मतपेटी दडपशाहीचा तपशील सांगत नाही. त्यासाठी चौकशी लागते. २८ मे १९७७ रोजी नेमलेल्या न्यायमूर्ती शाह आयोगाने तो तपशील नोंदवला: 'मिसा'खाली ३४,९८८ स्थानबद्ध, वरून तोंडी हुकूम, अटक आधी, कारणांचे कागद मागाहून. श्रीमती गांधींनी शपथ घेण्यास नकार दिला. शिक्षेचा अधिकार तर आयोगाला नव्हताच. पुढे अहवालाच्या प्रती दुर्मिळ झाल्या. २०१० साली इरा सेझियन यांनी तो पुन्हा छापला. धडगाव-अक्कलकुव्यात कोणाला उठवले, पकडले, तर कार्यकर्त्याने प्रथम लेखी आदेश मागावा.