गळ्यातली नळी आणि घडी घातलेला कागद

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी एका कागदाविषयी बोलणार आहे. गेल्या वर्षी आपल्या एका पारधी वस्तीवरील ताईंची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत नळी घातली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले. घरी जाताना छापील माहितीपत्रक मिळाले. मी ते त्यांना वाचून दाखवले आणि विचारले, "ताई, समजलं ना?" त्या म्हणाल्या, "व्हय दादा." मी निश्चिंत झालो.

तीन आठवड्यांनी मशीनवरून आल्यावर त्यांना हुडहुडी भरून ताप आला. घरच्यांना हिवताप वाटला. गावातच एक इंजेक्शन घेतले आणि गोधडीखाली दोन दिवस काढले. मला कळले तेव्हा त्यांना उठून बसवत नव्हते. नळीतून जंतू रक्तात गेले होते. नळी बदलली, औषधे चालली, देवाच्या दयेने जीव वाचला.

नंतर मी घरी गेलो, तर तो कागद पत्र्याच्या पेटीत नीट घडी घालून ठेवलेला. त्यावर लिहिले होते, 'संसर्गाची लक्षणे आढळल्यास त्वरित संपर्क साधावा.' ताईंना अक्षरओळख नाही, घरात बोली पारधी. दोष त्यांचा नव्हता. माझा प्रश्न चुकला होता. "समजलं का?" असे विचारल्यावर आपली माणसे "नाही" म्हणत नाहीत.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे गरिबाला डायलिसिस मोफत मिळते. २०१६ पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे. पण हिशेब करा. आठवड्याचे तास १६८. दोन वेळा, चार-चार तास म्हणजे ८ तास मशीनवर. उरलेले १६० तास ती नळी घरी, धुळीत, घामात, पदराखाली असते. तेव्हा तिची राखण कोण करणार?

म्हणून आम्ही चित्रांचे कार्ड केले. एका चित्रात एकच गोष्ट.

• पट्टी कोरडी ठेवा. डोक्यावरून पाणी घेऊ नका, अंग ओल्या फडक्याने पुसा. पट्टी भिजली किंवा सुटली तर डायलिसिसच्या जागी जाऊन बदलून घ्या.
• हळद, अंगारा, तेल लावू नका. गळ्यातला गंडा किंवा पोत नळीवर घासू देऊ नका.
• लाल-निळी टोपणे आणि चिमटे घरी उघडू नका. त्या नळीतून सलाईन किंवा इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका.
• थंडी-ताप, पू, लाली, दुखणे दिसले की त्याच दिवशी दवाखाना. रात्र काढू नका.
• नळी निसटली तर स्वच्छ फडक्याने ती जागा घट्ट दाबून आडवे व्हा आणि गाडी बोलवा.

कार्डाच्या मागे नळी घातल्याची तारीख आणि डायलिसिस केंद्राचा फोन. हेच सारे वस्तीतल्या एका मुलीने पारधी बोलीत मोबाईलवर बोलून दिले. आता आम्ही "समजलं का?" विचारत नाही. "ताई, रात्री थंडी वाजली तर काय कराल, मला करून दाखवा," असे म्हणतो. चुकले तर पुन्हा सांगतो.

आणखी दोन गोष्टी. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात. उचल घेतलेली असते, धन्याला जावेच लागते. तेव्हा मागे राहणाऱ्या आजीला किंवा लेकीला आधीच शिकवा. दुसरे, ही नळी कायमची सोय नाही. हातात फिस्टुला करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तो तयार व्हायला अनेक आठवडे लागतात, म्हणून उशीर नको. आणि त्यासाठी ठरवलेल्या हातातून रक्त काढू देऊ नका.

चांगल्या शोमरोन्याने जखम बांधली आणि तिथेच थांबला नाही. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, पुढची काळजी दुसऱ्यावर सोपवली, आणि परत येईन असे सांगून गेला. आपण कागद हातात देऊन परत फिरतो. या महिन्यात आपल्या प्रत्येकाने नळी असलेल्या एका रुग्णाच्या घरी बसावे आणि त्याच्याकडून ऐकून यावे, एवढीच माझी विनंती आहे.